बापाविना बी

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी भागात संत्र्याची कलमे तयार होतात, ती जंबेरीच्या खुंटावर. त्यासाठी जंबेरीचे ताजे बी गादीवाफ्यावर पेरतात. ते रुजले की पुष्कळदा एका बियातून एक नव्हे, दोन-तीन कोंब वर येतात. रोपे काढून पिशवीत भरण्याआधी अनुभवी माणूस त्यातली थोडी उपटून टाकतो. एखादे फारच खुरटे असते, एखाद्याच्या पानाची ठेवण निराळी असते. उरलेली सगळी रोपे उंचीने, पानाने, काट्यांनी इतकी सारखी असतात की त्यांवर संत्र्याचा डोळा भरला की पुढे अख्खी बाग एकसारखी वाढते.

उपटून टाकलेल्या वेगळ्या रोपांतच बहुधा आईबाप दोघांचे मूल असते. परागकण कुक्षीवर पडला, अंडपेशीचे फलन झाले आणि त्यातून जन्मलेले हे रोप. बाकीचे कोंब त्याच बियात, पण फलनाशिवाय तयार झालेले असतात. बीजांडात अंडपेशीच्या भोवती आईच्याच शरीराची ऊती असते. तिच्यातल्या काही पेशी आपणहून भ्रूण बनू लागतात आणि खऱ्या भ्रूणाच्या शेजारी जागा पटकावतात. त्या रोपांत आईची सगळी जनुके जशीच्या तशी असतात, बापाचे एकही नसते. बियातून उगवलेले, तरी जातीने कलमच. संत्र्यातही हा गुण आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या वेलायकोलंबन, ओलूर अशा काही आंब्यांतही तो आहे. त्यांच्या एका बाठ्यातून चार-पाच कोंब फुटतात.

वनस्पतिशास्त्रात या प्रकाराला अपोमिक्सिस म्हणतात. अलैंगिक बीजोत्पादन हा त्याचा सरळ अर्थ. लिंबूवर्गातला प्रकार त्यातलाच एक. दुसऱ्या प्रकारात अंडपेशीच गुणसूत्रे निम्मी न करता तयार होते आणि फलनाची वाट न पाहता भ्रूण बनते. फुलझाडांच्या शेकडो प्रजातींत हे घडते. आपल्याकडची दोन ओळखीची चारागवते, गिनी गवत आणि अंजन, याच वाटेने बी धरतात. पण ज्या पिकांवर माणूस जगतो त्या भात, गहू, मका, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांपैकी एकातही हा गुण नाही. तो त्यांच्यात आणता येईल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक दशके सतावतो आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचे उत्तर भातापुरते ‘होय’ असे आले आहे.

हा खटाटोप कशासाठी, हे समजायचे तर हायब्रीड बियाण्याकडे पाहावे लागते. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली आली, एचबी-१ ही बाजरी १९६५ साली. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारी तत्त्वावर लावलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. दोन वेगवेगळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीचे झाड दोन्ही आईबापांपेक्षा जोमदार निघते, उतारा वाढतो, हे आता खेड्यातले शेंबडे पोरही सांगेल. त्याच्याच जोडीने तेही सांगेल की हायब्रीडचे घरी राखलेले बी पेरायचे नसते.

का पेरायचे नसते? बियाणे कंपन्यांनी त्यात काही कळ फिरवून ठेवली आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तसे काही नाही. हिशेब निसर्गाचाच आहे. भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. संकरित झाडात प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईच्या वाणाकडून आलेले असते, दुसरे बापाच्या. या झाडाने स्वतःच्याच परागाने बी धरले, तर पुढच्या रोपात एखाद्या जोडीत पुन्हा एक आईकडचे, एक बापाकडचे असे जमण्याची शक्यता निम्मी. बाराच्या बारा जोड्यांत तसे जमण्याची शक्यता ४,०९६ मध्ये एक. प्रत्यक्षात ती याहूनही कितीतरी कमी, कारण अंडपेशी आणि पराग तयार होण्याआधी जोडीतली गुणसूत्रे आपापसांत तुकडे बदलतात. म्हणून दुसऱ्या वर्षी शेत उंचसखल होते, ओंब्या मागेपुढे पिकतात आणि ज्या जोमासाठी पैसे मोजले तो विखरून जातो.

म्हणजे हा संकर दरवर्षी नव्याने घडवावा लागतो, आणि तो घडवणे किती कष्टाचे आहे हे कापसाच्या सीड प्लॉटवर दिसते. कापसाच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात. दुपारनंतर बाया ओळींतून फिरू लागतात. उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि परागकोशांची नळी एका वेढ्यात सोलून काढायची, आतल्या कुक्षीला आणि बोंडाच्या कोवळ्या गाठीला धक्का लावायचा नाही. एक परागकोश राहिला तर संकर फसला, नख खोल गेले तर बोंड गळाले. मग कळीवर लाल कागदाची टोपी चढवायची, म्हणजे सकाळी ती हिरव्या पानांत चटकन सापडते. दुसऱ्या दिवशी नर वाणाची फुले खुडून आणायची आणि टोपी काढून एकेका कुक्षीवर पराग हलक्या हाताने चोळायचे. एवढे केल्यावर एका बोंडातून पंचवीस-तीस बिया मिळतात. ऐन हंगामात हे काम दिवसामागून दिवस चालते, आणि ते मुख्यतः बायका आणि मुलींच्याच हातांनी होते. हायब्रीड कपाशीच्या पाकिटाच्या किमतीत ही मजुरी असते.

भाताचे फूल तर इतके बारीक की हाताने असे काम करणे व्यापारी प्रमाणावर शक्यच नाही. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांनी १९७०च्या दशकात त्यावर तोड काढली. १९७० मध्ये हैनान बेटावर त्यांच्या चमूला नरवंध्य जंगली भात सापडला. त्यावरून त्यांनी तीन वाणांची पद्धत बसवली: एक नरवंध्य वाण, एक ते वंध्यत्व पुढे टिकवणारा, आणि एक त्याच्याशी संकर होऊन सुपीक बी देणारा. बीजोत्पादनाच्या शेतात फुलोऱ्याच्या वेळी दोघे जण दोर ताणून पिकावरून ओढत जातात, म्हणजे नर ओळींचा पराग उडून मादी ओळींवर पडतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेले सह्याद्री हे संकरित भातही तीन वाणांच्याच पायावर उभे आहेत. १९८७ मध्ये युआन यांनी पुढचा मार्ग आखला. तीन वाणांवरून दोनावर यायचे आणि शेवटी एकावर. संकर एकदाच करायचा आणि त्यानंतर ते झाड आपल्यासारखेच बी देत राहील असे करायचे. ‘एक वाण’ म्हणजे अपोमिक्सिसच. त्या काळी हे कसे साधायचे याचा धागादोरा कोणाच्या हाती नव्हता.

निसर्गात हा गुण असल्याचे मात्र फार आधी कळले होते. लंडनजवळच्या क्यू उद्यानात ऑस्ट्रेलियातून आलेले एक काटेरी पानांचे झुडूप होते. झाडे होती तीन, आणि तिन्ही मादी. आसपास नर झाड नसताना त्यांना बी धरे आणि ते रुजेही. उद्यानाचे जॉन स्मिथ यांनी १८३९ मध्ये लिनियन सोसायटीपुढे हे मांडले, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसेना.

त्यानंतरचा फटका बसला तो खुद्द ग्रेगोर मेंडेल यांना. वाटाण्यावरचा त्यांचा निबंध १८६६ मध्ये छापून आला. त्याच सुमारास म्युनिकचे कार्ल नेगेली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि नेगेली यांच्या आवडीची वनस्पती होती हायरेशियम, म्हणजे डँडेलियनच्या नात्यातले पिवळ्या फुलांचे एक तण. मेंडेल यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे कष्ट घेतले. तिचे दिसायला एक असलेले फूल खरे तर शेकडो चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. आरशाने उजेड पाडून, भिंगाखाली त्या एकेका फुलाचे परागकोश काढायचे. या कामाने १८६९ मध्ये त्यांचे डोळे इतके शिणले की काही काळ प्रयोग थांबवावे लागले. हाती आले ते वाटाण्याच्या नेमके उलट. संकर झालाच तर पहिल्या पिढीत रोपे वेगवेगळी, आणि पुढे प्रत्येक रोपाची संतती अगदी त्याच्यासारखी. १८७० मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे छापले. वाटाण्यात सापडलेला नियम सगळीकडे लागू होतो की नाही, याची शंका त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कामावरच आली. मला विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग फार चटका लावणारा वाटतो, कारण मेंडेल यांचा नियम तिथेही खराच होता. हायरेशियम बी धरताना तो नियम चालवण्याची वेळच येऊ देत नव्हते. १९०३ मध्ये डेन्मार्कच्या ओस्टेनफेल्ड आणि राउंकियेर यांनी वस्तऱ्याने कळ्यांचा वरचा भाग, परागकोश आणि कुक्षींसकट, छाटून टाकला. तरीही बी आले. पण मेंडेल १८८४ मध्येच गेले होते.

विसाव्या शतकात पैदासकारांनी सरळ मार्ग धरला. जंगली नातलगात हा गुण आहे, तर संकर करून तो पिकात ओढायचा. मक्याचा संकर ट्रिप्सॅकम या रानगवताशी केला गेला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे वेन हॅना यांनी बाजरीचा संकर पेनिसेटम स्क्वामुलेटम या आफ्रिकी गवताशी केला आणि पिढ्यामागून पिढ्या पुन्हा बाजरीकडे वळवत नेल्या. अलैंगिक बी देणारी झाडे मिळालीही, पण त्यांना दाणा नीट भरेना. पुढे पेगी ओझायस-एकिन्स आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले. गवताच्या ज्या गुणसूत्राच्या भागात हा गुण बसला आहे तो भाग लांबलचक आहे, आणि समोरच्या गुणसूत्राशी तो तुकडे बदलतच नाही. हवे ते जनुक घ्यायचे तर आजूबाजूचा सगळा गोतावळा बरोबर येतो. या वाटेने पीक मिळणे नव्हते.

मग प्रश्न उलटा घातला गेला. रानगवतातून गुण आणायचा नाही. पिकाच्याच बीजोत्पादनाचे टप्पे उकलायचे आणि त्यातला कोणता थांबवायचा, कोणता अवेळी सुरू करायचा, हे शोधायचे. त्यासाठी दोन गोष्टी घडायला हव्यात. अंडपेशीत गुणसूत्रे निम्मी न होता आईचा पूर्ण संच जसाच्या तसा जायला हवा. आणि त्या अंडपेशीने परागाची वाट न पाहता भ्रूण व्हायला हवे.

पहिली गोष्ट अर्धगुणसूत्री विभाजनाची. नेहमीच्या पेशीविभाजनात गुणसूत्रांच्या प्रती एकदा निघतात आणि पेशी एकदा दुभंगते. अर्धगुणसूत्री विभाजनात प्रती एकदाच निघतात, पण पेशी दोनदा दुभंगते. पहिल्या वेळी जोड्या एकत्र येतात, तुकड्यांची देवाणघेवाण होते आणि जोडीदार वेगळे होतात. दुसऱ्या वेळी प्रती वेगळ्या होतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत इम्रान सिद्दिकी यांचा गट डायड नावाच्या जनुकावर काम करत होता. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या प्रयोगवनस्पतीत ते बिघडले की काही अंडपेशींत आईचा अख्खा संच जातो, हे एम. रवी, मोहन मारिमुथ्थू आणि सिद्दिकी यांनी २००८ मध्ये दाखवले. एकाच जनुकात बदल करून अर्धगुणसूत्री विभाजन टाळता येते, याचा तो पहिला स्पष्ट पुरावा होता. अशा अंडपेशींचे प्रमाण मात्र थोडे होते.

पुढच्याच वर्षी व्हर्साय येथे राफाएल मर्सिए यांच्या गटाने तीन जनुके एकाच वेळी बंद केली. एक बंद केल्यावर गुणसूत्रांची जोडी जमणे आणि तुकडे बदलणे थांबले. दुसरे बंद केल्यावर पहिल्याच विभाजनात जोडीदारांऐवजी प्रती वेगळ्या झाल्या. तिसरे बंद केल्यावर दुसरे विभाजन झालेच नाही. तिन्ही मिळून जे उरले ते साधे पेशीविभाजन. या तीन बदलांच्या संचाला मायमी असे नाव आहे. अशा झाडाची प्रत्येक अंडपेशी आईची हुबेहूब जनुकीय प्रत असते. प्रत्येक परागकणही तसाच असतो, आणि गोम इथेच आहे. पूर्ण संचाची अंडपेशी आणि पूर्ण संचाचा पराग एकत्र आले की पुढच्या पिढीत गुणसूत्रे दुप्पट, त्यापुढे चौपट. २०१६ मध्ये हीच किमया भातात साधली, तेव्हाही ही अडचण तशीच होती.

२०११ मध्ये हैदराबाद, व्हर्साय आणि कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील गटांनी मिळून एक तोडगा दाखवला. डेव्हिसचे सायमन चॅन आणि तिथे गेलेले रवी यांनी असे झाड घडवले होते की त्याच्याशी संकर केला की त्याची स्वतःची गुणसूत्रे भ्रूणातून गळून जातात. मायमी झाडाशी त्याचा संकर केला तेव्हा आईच्या पूर्ण प्रती असलेले बी मिळाले. बियातून कलम, तेही माणसाने घडवलेले, जगात पहिल्यांदा. तरी त्यासाठी दर वेळी संकर करावा लागतच होता. शेतकऱ्याच्या उपयोगाचे व्हायचे तर झाडाने हे स्वतःच करायला हवे होते.

दुसरी गोष्ट सुटली ती भातातच. डेव्हिस येथे वेंकटेशन सुंदरेसन यांच्या प्रयोगशाळेत इम्तियाज खांडे आणि सहकारी फलनानंतरचे पहिले काही तास अभ्यासत होते. त्यांच्या लक्षात आले की बीबीएम-१ नावाचे एक जनुक फलनानंतर लगेच जागे होते, आणि सुरुवातीला जी प्रत काम करते ती बापाकडून आलेली असते. अंडपेशीत ते निद्रिस्त असते. पराग ते चालू स्थितीत घेऊन येतो आणि दुधाला विरजण लागावे तशी तिथून भ्रूणाची घडण सुरू होते. मग त्यांनी बीबीएम-१ ला असा नियंत्रक तुकडा जोडला की ते अंडपेशीतच, फलनाआधीच चालू व्हावे. अंडपेशी बापाविना भ्रूण बनू लागली. मायमी भातात हे जनुक घातल्यावर आईसारखेच बी मिळाले. सर्वांत चांगल्या झाडांत हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. हा शोधनिबंध डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

जवळजवळ त्याच वेळी हांगचौ येथील चीनच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेत वांग केजियान यांच्या गटाने दुसऱ्या जनुकाच्या वाटेने तेच केले, आणि तेही खऱ्याखुऱ्या संकरित भातात. त्यांच्या झाडांना दाणा मात्र फार थोडा भरे, पाच टक्क्यांहूनही कमी. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए येथे एमान्युएल गिदरदोनी यांच्या गटाने डेव्हिसच्या शास्त्रज्ञांसह मायमीचे तिन्ही बदल आणि बीबीएम-१ एकाच वेळी बीआरएस-सिराड ३०२ या व्यापारी संकरित भातात घातले. ९५ टक्क्यांहून अधिक बी आईची प्रत निघाले आणि हा गुण पुढच्या पिढ्यांत टिकला. युआन यांची ‘एक वाण’ ही कल्पना तेव्हा प्रयोगशाळेच्या हरितगृहात प्रत्यक्ष उभी राहिली. ते स्वतः २०२१ च्या मे महिन्यात गेले होते.

इथे वाचकाला रास्त शंका येईल. भ्रूणाला बाप नको असेल, तर या भाताला पराग लागतो का? लागतो. दाण्याचा जो पांढरा भाग आपण खातो तो भ्रूण नव्हे, भ्रूणपोष. परागकणातून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळते, दुसरी शेजारच्या मध्यपेशीशी. किव्ह येथे सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लावलेला हा शोध. या दुसऱ्या मिलनातून भ्रूणपोष होतो, आणि तो नीट वाढायचा तर त्यात आईचे दोन हिस्से आणि बापाचा एक असे प्रमाण लागते. मायमी झाडात सगळेच दुप्पट असल्याने आईचे चार, बापाचे दोन. प्रमाण तेच राहते आणि दाणा भरतो. भात स्वतःच्याच परागाने फळणारे पीक असल्याने ही सोय आपसूक होते.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. निसर्गाने ज्या झाडांत हा गुण घडवला, तिथेही नवे जनुक निर्माण झालेले नाही. २०१७ मध्ये चीनमधल्या वुहानच्या शास्त्रज्ञांनी लिंबूवर्गातले जबाबदार जनुक शोधले. ज्या जातींच्या बियात अनेक कोंब येतात, त्यांच्यात या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक उडी मारणारा तुकडा येऊन बसलेला आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने डँडेलियनमधले जनुक शोधले, तर तिथेही जनुकाच्या अलीकडे तसाच घुसलेला तुकडा सापडला, आणि त्यामुळे एरवी परागात चालणारे जनुक अंडपेशीत चालू झालेले होते. डेव्हिसमध्ये बीबीएम-१ बरोबर माणसाने मुद्दाम केले ते हेच. जनुक जुनेच, फक्त त्याच्या चालू होण्याची वेळ आणि जागा बदलली. ‘निसर्गाविरुद्धचा उद्योग’ म्हणून या तंत्रावर बोट ठेवणाऱ्यांनी जंबेरीचे बी एकदा सोलून पाहावे.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. टिफ्टनचे नाव वर आले. तिथेच ग्लेन बर्टन यांनी टिफ्ट २३-ए हा बाजरीचा नरवंध्य वाण तयार केला होता, आणि एचबी-१ सकट आपल्याकडच्या सुरुवातीच्या सगळ्या संकरित बाजऱ्यांची आई तीच होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बाजऱ्यांवर गोसावी रोग पसरला. कणसात दाण्यांच्या जागी हिरवी पानेच फुटू लागली आणि ते वाण शेतातून काढावे लागले. अमेरिकेत १९७० मध्ये मक्यावर करपा आला, तोही बहुतेक हायब्रीडची मादी बाजू एकाच मूळ वाणाची असल्यामुळे. देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के पीक त्या वर्षी गेले. एकच झाड लाखो हेक्टरवर उभे करण्याचा मोह अपोमिक्सिसने वाढेल, आणि हा मोह आवरण्याची व्यवस्था बियाण्याबरोबरच व्हायला हवी. उपाय याच तंत्रात आहे, हेही खरे. आज एक संकरित वाण बाजारात आणायला इतका खर्च येतो की लहान खोऱ्यासाठी, खाजणासाठी, पाणथळासाठी वेगळा वाण कोणी काढत नाही. बी आपोआप वाढत असेल तर असे शंभर वाण परवडतील. उसाचे बेणे किंवा बटाटा यांना तर याहून मोठा लाभ. हेक्टरी दोन-अडीच टन बटाटा बेणे म्हणून मातीत घालावा लागतो आणि त्याबरोबर रोगही येतात. बेण्याऐवजी बी पेरता आले तर हे बरेचसे टळेल, कारण बहुतेक विषाणू बियातून पुढे जात नाहीत.

बी कोणाच्या हाती राहील, हा खरा वादाचा मुद्दा. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘टर्मिनेटर’ म्हणून गाजलेले पेटंट निघाले, ज्यात शेतकऱ्याने राखलेले बी रुजूच नये अशी योजना होती. त्याच वर्षी इटलीतल्या बेलाजिओ येथे जमलेल्या अपोमिक्सिसच्या अभ्यासकांनी जाहीरनामा काढून मागणी केली की हे तंत्र सर्वांना, विशेषतः गरीब शेतकऱ्यांना, खुले राहावे. आपल्याकडचा २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क देतो. हायब्रीडच्या बाबतीत हा हक्क आजवर कागदावरच राहिला, कारण राखून उपयोग नव्हता. अपोमिक्सिसने त्यात पहिल्यांदा अर्थ येईल. ज्या बियाण्याची विक्री एकदाच होणार, त्यात खासगी कंपनी पैसा का घालेल, हा प्रश्न म्हणूनच अटळ आहे. माझ्या मते हे काम कृषी विद्यापीठांनी आणि सार्वजनिक संस्थांनीच अंगावर घ्यायला हवे. कंपन्यांच्या मर्जीवर ते सोडले तर बी राखण्यावर कराराची नवी कुलपे लागतील. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली गेट्स फाउंडेशनच्या पैशातून ज्वारी आणि चवळीवर असे काम चालू आहे. दोन्ही पिके आपलीही आहेत, आणि ज्वारीवर आयुष्ये घालवलेली माणसे राहुरी, परभणी, अकोल्यात आहेत.

कायद्याची बाजू थोडी किचकट आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने परका डीएनए न उरणाऱ्या जनुक-संपादित पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून वगळले, आणि मे २०२५ मध्ये असे दोन भाताचे वाण जाहीरही झाले. मायमीचे तीन बदल या सवलतीत बसू शकतात, कारण तिथे फक्त जनुके बंद करायची असतात. बीबीएम-१ ला दिलेला नियंत्रक तुकडा मात्र बाहेरून घातलेला आहे, म्हणून पूर्ण वाण जीएम ठरतो आणि त्याला लांबची वाट चालावी लागेल. लिंबूवर्गात आणि डँडेलियनमध्ये निसर्गाने अलीकडचा तुकडा बदलून काम साधले, तसे भाताच्या स्वतःच्या जनुकाच्या अलीकडचा भाग संपादित करून साधले तर हा अडसर दूर होईल.

पैदासकारासाठी आणखी एक पेच आहे आणि तो अजून कोणी पुरता सोडवलेला नाही. ज्या झाडात अर्धगुणसूत्री विभाजनच होत नाही, त्याच्याशी पुढे संकर करून नवा वाण काढता येत नाही. आईबाप वाणांतच हे बदल करून ठेवले तर त्यांचे अंडपेशी आणि पराग पूर्ण संचाचे होतात आणि त्यांच्यापासून नेहमीचा हायब्रीडच निघत नाही. म्हणून हांगचौ आणि माँपेलिए दोन्हीकडे आधी संकर केला, मग संकरित झाडाच्याच पेशींत बदल घालून प्रयोगशाळेतल्या काचनळीत रोपे वाढवली. म्हणजे दर नव्या हायब्रीडसाठी हे काम पुन्हा करायचे, आणि भाताच्या पुष्कळ इंडिका वाणांच्या पेशी काचनळीत सहज वाढत नाहीत. हवा तेव्हा चालू आणि हवा तेव्हा बंद करता येईल असा नियंत्रक मिळाला, तर आईबाप वाण नेहमीच्या रीतीने संकर देतील आणि त्यांचा संकर झाल्यावरच अलैंगिक बी सुरू होईल. टिफ्टनला बाजरीशी संकर केलेल्या त्या आफ्रिकी गवतातले बीबीएम-१ चे भावंड जनुक २०१५ मध्ये बाजरीत घातले गेले आणि त्याने बाजरीच्या अंडपेशीलाही बापाविना भ्रूण बनवले, म्हणजे बाजरीत दुसरा टप्पा होतो हे ठरले. पहिला टप्पा, मायमीचे तीन बदल, बाजरीत बसवणे आणि दोन्हींवर असा नियंत्रक घालणे, एवढे काम तिथे बाकी आहे.